नखाला न लागलेली खाच

झेलेन्का, एलूल महिना, बुधवार

ती. ब्राइनाताईस धाकट्या पिंखसचा स. न. वि. वि.

तुझ्या मिरेलच्या सोयरिकीची बातमी पोचली. माझ्या गोल्डाने तर स्वतःची लेक असल्यासारखे डोळे पुसले. माझं मात्र मन थाऱ्यावर नाही.

कोंबड्या-बकऱ्या कापण्याच्या कामावर गावाने मला नेमलं, त्याला महिना झाला. गेल्या गुरुवारी सुरी नेहमीसारखी नखावरून पुढे-मागे फिरवली. पात्याला केसाएवढी खाच असली तरी ते मांस निषिद्ध, हे तुला सांगायला नको. नखाला काहीच लागलं नाही, पण आतून कुणीतरी नाही म्हणालं. मी हात मागे घेतला. बायका जिवंत कोंबड्या बगलेत मारून, मला शिव्या घालत घरी गेल्या. रब्बींनी स्वतः सुरी तपासली आणि निर्दोष ठरवली, तरी माझा हात उचलेना. हा एलूल संपून नव्या वर्षाचा सण यायच्या आत कामाला लागलो नाही तर दुसरा माणूस आणू, असं गावच्या मंडळींनी बजावलंय. गोल्डाला सातवा लागलाय. ताई, मला वेड लागतंय का?

तुझा,
पिंखस

व्हितेब्स्क, रविवार

चि. पिंखसास अनेक आशीर्वाद.

वेड लागायचं राहिलंय काय! लहानपणी सफरचंदात अळी नसली तरी तू त्याची चिरफाड करून बघायचास, आणि मग खायचास नाहीच. तुझे भावजी म्हणतात, जी खाच नखाला लागत नाही आणि रब्बींना सापडत नाही, ती सुरीला नाही, मेहुण्याच्या डोक्याला आहे. मी हसले खरी, पण गोल्डाची काळजी वाटते.

सगळं पारखून घ्यावं आणि मग विश्वास ठेवावा, एवढं सोपं आहे. आमचंच बघ. मुलाचं घराणं, अभ्यास, तब्येत, सगळी चौकशी झाली. बोट ठेवायला जागा नाही. मिरेलला विचारलं तर म्हणाली, तुम्ही ठरवाल ते. येत्या मंगळवारी नाही, त्याच्या पुढच्या मंगळवारी करार. दोघी आयांनी मिळून फोडायची ताटली म्हणून आजीची निळ्या काठाची काढून ठेवलीय. एकदा ती फुटली की शब्द मागे घेता येत नाही. त्याआधी तुझं काम शाबूत असल्याचं कळव.

लोभ आहेच, तो माझ्या रागातही ओळख.

ब्राइना

झेलेन्का, गुरुवार

ती. ताईस स. न. वि. वि.

काम शाबूत आहे. रब्बींना सगळं सांगितलं. वाटलं, हाकलतील. त्यांनी विचारलं, आतला तो आवाज फार बोलतो का? मी म्हटलं, नाही, एकच शब्द बोलतो आणि गप्प बसतो. ते म्हणाले, मग ती भीती नव्हे, भीतीला बडबड फार. देवाने धर्मशास्त्र दिलं तेव्हा सीनायच्या डोंगराखाली आपल्या सगळ्या यहुद्यांचे जीव उभे होते, जन्मायचे होते त्यांचेसुद्धा. तिथे ऐकलेलं जिवाला आठवतं, नखाला कुठून आठवणार? दगडावर पातं घास, आतून हो येईपर्यंत.

घासत राहिलो. काल आत शांत झालं आणि मी कामाला बसलो. पात्याला काही होतं का, ते आता कधीच कळायचं नाही.

ताई, रागावू नकोस. आपली मिरेल हो म्हणायची ती उड्या मारत. तुम्ही ठरवाल ते, असं तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

पिंखस

व्हितेब्स्क, मंगळवार

चि. पिंखसास आशीर्वाद.

तुझा इतका संताप आला की पत्र चुलीत घालणार होते. मग सकाळपासून चैन नाही. ताटली धुतली, पुसली, पुन्हा धुतली. यांना म्हटलं, मन घेत नाही. हे म्हणाले, कारण सांग. माझ्याजवळ कारण नव्हतं.

शेवटी मिरेलला जवळ बसवलं. काही विचारलं नाही. ताटली तिच्या हातात दिली आणि म्हटलं, आज तूच फोड. तिने ती छातीशी धरली आणि सोडेचना. मुलात खोट नाही, असं तीही रडत रडत म्हणते. मग का नको, ते तिला सांगता येत नाही. तिकडची माणसं निघायच्या आत मी सोयरीक मोडल्याचा निरोप धाडला.

हे माझ्याशी बोलत नाहीत. शेजारणींची तोंडं सुरू झालीत. मी बरोबर केलं का, तेही तुझ्या पात्यासारखंच, कधी कळायचं नाही.

जेवताना यांना मी त्याच ताटलीत वाढलं. यांनी दोन घासांत ती बाजूला सारली. मिरेल मात्र कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

गोल्डाला जप. माझ्यावर लोभ ठेव, सध्या घरात तेवढाच आधार आहे.

तुझी,
ब्राइना