कप तोच द्या

शेलूबाजार,
जानेवारी १९७८

प्रिय पंचशीला,

दवाखान्याच्या खिडकीत बसून लिहितोय. समोर काचेच्या नळ्या उभ्या आहेत आणि ऊन त्यांच्यातून झिरपून कागदावर पडतंय. एक निळा ठिपका, एक हिरवा, एक पिवळा. हिरवा सरकत सरकत आत्ता तुझ्या नावावर आला, म्हणून हात थांबला होता. तो पुढे जाईपर्यंत मी तुला नागपूरच्या त्या लांबलचक वॉर्डात चालताना पाहून घेतलं. पांढऱ्या कपड्यांत, आवाज न करता. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. स्वप्नातही तुझी ड्युटी चालूच असते.

प्रयोगशाळेत भांडून मी कॉलेज सोडलं आणि आता पोटाला तीच काचेची नळी आली, यावर तू हसशील. हस. रोग्यांची लघवी निळ्या औषधात घालून स्पिरिटच्या दिव्यावर उकळायची, एवढंच माझं काम. निळी राहिली तर साखर नाही. मग हिरवी, मग करडईच्या फुलासारखी पिवळी, आणि फारच असेल तर थेट भाजलेली वीट. रंग बदलायला लागला की मी सगळं विसरून बघत राहतो. सकाळचं शिवार असंच रंग पालटतं, तू आणि मी अडाण नदीच्या काठानं कापसाच्या वेचणीला जायचो तेव्हासारखं.

दोन्ही पत्रांत तू फक्त तुझ्या बाबांच्या पायाचं विचारलंस. म्हणून आधी तेच सांगतो. दिवाळीनंतर कापसाच्या पऱ्हाटीचा खुंट त्यांच्या अंगठ्यात घुसला आणि जखम भरेना. नळीचा रंग विटेचा. डॉक्टरसाहेब म्हणाले, साखर अशीच राहिली तर अंगठा अकोल्याला जाऊन काढावा लागेल, आणि तेवढ्यावर भागेल याची खात्री नाही. गोळ्या दिल्या. गोड बंद सांगितलं. देवमनबाबांनी मान डोलावली आणि बाहेर पडून समोरच्याच हॉटेलात बशीभर गोड चहा प्यायला. मी खिडकीतून पाहिलं. माझं डोकं तुला माहीत आहे. भर बाजारात जाऊन ओरडलो, मराचं असन तं घरी जाऊन मरा! चार माणसं जमली. बाबांनी शांतपणे बशी ठेवली आणि म्हणाले, "कालेज सोडलं तवा तुले कोनी सांगतलं होतं, आयकलं होतं तू?" लोक हसले. त्यानंतर त्यांनी दवाखान्याची पायरी चढणं बंद केलं.

डॉक्टरसाहेबांनी मला बोलावलं. वाटलं, गेली नोकरी. ते म्हणाले, "इंद्रभान, गोळी मी देतो, पण ती घ्यायची इच्छा त्या माणसाची स्वतःची लागते. तू जिंकायला जातोस, म्हणून तो हरायला तयार होत नाही. जा, त्याला काहीतरी विचार. आणि विचारलं की तोंड बंद ठेव." पहिलं सोपं आहे गं. दुसरं माझ्यासारख्याला किती जड!

मी तुमच्या घरी गेलो. तुझ्या आईंनी, लिलाबाईंनी सुपारी दिली, माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "काहून रे, जेवत नाई का? पार काडी झाली तुही." गावात सगळे हेच म्हणतात, पोट्टं पिरमात वाळून राह्यलं. मला ते मनातून आवडायचं. तुझ्या आठवणीनं झोप मोडायची, उठून गडवाभर पाणी प्यायचो, अंगणात जायचो, पुन्हा पाणी. वाटायचं, विरह म्हणतात तो हाच असणार. इतकी तहान दुसऱ्या कशाची असेल?

बाबा अंगणात पाय पुढे करून बसले होते. मी विचारलं, बाबा, चहा गोड लागते म्हणून पेता का? आणि तोंड बंद ठेवलं. बराच वेळ गेला. कोंबडी येऊन गेली. मला चार वेळा बोलावंसं वाटलं, चारही वेळा जीभ चावली. मग ते जमिनीकडे बघत बोलायला लागले. त्यांच्या बापासाठी गावातल्या वरच्या जातीच्या घरी, ओसरीवर नाही, गोठ्याच्या कोनाड्यात कान तुटलेला कप असायचा. पिऊन झालं की स्वतः धुवायचा आणि पालथा घालायचा. पाणी ओंजळीत, वरून. "धर्म बदलला, वरसं गेली, तवा कुठी त्याच ओसरीवर मले कपबशी भेटते. सारे पेते त्याच्यातली. थो चहा मी परत करू? नको म्हनलं तं थे म्हनतीन, आता याले आमच्या घरचं चालत नाई." शीला, बाजाराच्या दिवशी हाक मारेल त्याच्या दारात बाबा चहा पितात, हे मी लहानपणापासून बघतोय. मला वाटायचं, म्हाताऱ्याची जीभ चटावली. डॉक्टरसाहेबांनाही तेच वाटलं होतं.

मी एवढंच विचारलं, मग त्या चहातलं तुमाले काय पायजे? ते हसले. "कप पायजे बे. साखर कोनी मांगतली?" आणि स्वतःच्याच बोलण्यानं चमकल्यासारखे थांबले.

दुसऱ्या दिवशी मला सोबत घेऊन त्याच ओसरीवर गेले. घरची बाई म्हणाली, "देवमनबुवा, बिनसाखरेचा तं आमी दुश्मनालेही देत नाई." बाबा म्हणाले, "मले द्या. पन कप तोच द्या." त्यांनी तो कडू चहा असा चवीनं घेतला, की मलाही तसाच मागावासा वाटला. आता साऱ्या बाजाराला पाठ झालंय. देवमन आला की त्याच्यापुरता चहा आधी काढून घेतात, साखर नंतर पडते. गोळ्या चालू आहेत. परवाची नळी हिरवी होती, तुरीच्या पानासारखी. जखमेवर गुलाबी कातडी धरतेय. अंगठा राहिला, पंचशीला.

आता दुसरं. ती हिरवी नळी बघून आम्ही खुशीत होतो. बाबा सोबत आणलेला पाण्याचा गडवा शोधायला लागले. तो मी रिकामा केला होता, बोलता बोलता, माझ्या लक्षातही नाही. बाबांनी गडव्यात पाहिलं, मग माझ्या मनगटाकडे. म्हणाले, "सारे म्हनते पोट्टं पिरमात वाळलं. मीबी असाच वाळलो होतो, मंग माह्यावालं कोनतं पिरेम होतं? घे नळी." मी हसत हसत माझीच नळी उकळायला घेतली. निळी, हिरवी, पिवळी. शिवार उजाडावं तशी रंगत गेली आणि विटेवर जाऊन थांबली. मी ती भिंतीवर फेकून फोडली. तू नर्सिंगला आहेस, तुला फोड करून सांगायला नको. या वयात गोळ्या चालत नाहीत, रोज इन्शुलिनची सुई. डॉक्टरसाहेबांनी सुई उकळून पुढे धरली आणि मी म्हणालो, नाही घेत जा! पाठ करून बसलो. तेव्हा बाबा लंगडत पुढे येऊन बसले आणि त्यांनी विचारलं, "इंद्रभान, तुले कायच्यासाठी बरं राह्याचं हाय?" आणि तोंड बंद ठेवलं. माझीच रीत माझ्यावर! खिडकीतलं ऊन जमिनीवरून भिंतीवर चढलं, तरी म्हातारा बोलेना. शेवटी मी तुझं नाव घेतलं. तुझ्या बापासमोर. मी डोळे मिटले होते, म्हणून त्यांचा चेहरा पाहिला नाही. फक्त ऐकलं, "मले काय सांगतं? तिले इचार. पन रोगाचं आधी लिव्ह, बाकीचं मंग." मी बाही वर केली. म्हणून हे पत्र. मी त्यांचं पुन्हा ऐकलं नाही, रोगाचं शेवटी लिहिलं, कारण त्याआधी थोडा वेळ तरी तुझ्याशी नुसतं बोलायचं होतं. आता विचारतो. रोज उकळलेली सुई आणि बिनसाखरेचा चहा असलेल्या घरात तुला यायचं आहे का? नाही म्हणालीस तरी मी सुई चुकवणार नाही, तेव्हा त्या भीतीनं हो म्हणू नकोस. विचारून झालं. हिरवा ठिपका आता कागदाच्या पार कडेला गेलाय.

विचारून गप्प बसलेला, तुझाच
इंद्रभान