दादाच्या दोन फायली

प्रिय (असं लिहायची पद्धत आहे म्हणून) आशयदादा,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, ग्रुपवर अंगठा टाकून गायब होतोस, म्हणून पत्र. मी बी. ए. अर्धवट टाकून भटकणारी, तू पुण्यातला बडा इंजिनिअर. मान्य.

परवा बाबांना सोनागिरीहून शिवाजी नगरात (तुझ्या पुण्यातलं नव्हे, आपल्या इथलं) एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. ऑटोत ते तीनदा झोपले, इतका थकवा. वाटेत मी पोहे-जलेबी खाल्ली (तिथली जलेबी एकदा खाऊन बघ, मिसरोदला सुद्धा तशी मिळत नाही), बाबांनी नुसतं पाहिलं. तुझा हुकूम ना, तिखट-तेलकट बंद! दोन वर्षं तो माणूस मुगाच्या वरणावर आहे. तीनदा रक्त चढवलं, दोनदा पोटात दुर्बीण घातली, काही सापडलं नाही. मग साहेबांनी, म्हणजे तू, निदान केलंस: बाबा चोरून पीत असणार. स्वतःच्या बापाला! शी काळी होते म्हटलं, तर म्हणे लोहाच्या गोळ्यांनी होते. होतेच. रक्त पाझरलं तरी होते, पण तेवढं पुढे वाचायला तुला फुरसत कुठली.

आणि त्या तुझ्या दोन फायली! एकीवर ‘हृदय’, दुसरीवर ‘पोट’, लेबलं छापून. हृदयवाल्यांना पोटाची दाखवायची नाही, उगाच गोंधळतात म्हणे. बाबा इमानदारीत तेच करत राहिले. मी वेंधळी, घाईत दोन्ही एकाच पिशवीत कोंबल्या. बाईंनी छातीला नळी लावली, मग दोन्ही फायली शेजारी ठेवून वाचल्या. बाबा म्हणाले, मॅडम, हम तो पेट के लिए आए हैं। बाई म्हणाल्या, दोन्ही एकच आहे.

हृदयाची झडप अरुंद झाली आहे. पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी कसं जोरात सुटतं, तसं रक्त तिथून सुटतं. रक्त थांबवणारे त्यातले लांब धागे त्या माऱ्यात तुटतात. मग आतड्यातल्या नाजूक नसा पाझरत राहतात. झडप बदलली की बहुतेकांचं थांबतं. मांडीच्या नसेतून बसवतात, छाती न उघडता. काल इकोतही तेच निघालं. दोन वर्षं हे तुझ्याच फायलींत पडून होतं.

पुढच्या गुरुवारची तारीख मिळाली आहे आणि बाबा नाही म्हणताहेत. आशयने सांगितलंय, या वयात चिरफाड नको, म्हणून. मी हातापाया पडले, रडले. ते टीव्हीचा आवाज वाढवतात. हिमोग्लोबिन साडेसहा आहे, दादा. तेव्हा त्यांना फोन कर. चूक झाली म्हणू नकोस, तेवढी तुझी हिंमत नाही. ‘बाबा, करून घ्या’ एवढंच म्हण. घरात राहून त्यांचं सगळं करते मी आणि ऐकणार ते तुझं. अजून ते तुलाच शहाणा समजतात. एकदा तरी त्याचा त्यांना उपयोग होऊ दे.

तुझीच, इलाज नाही म्हणून,
अबोली