कारल्याचा त्याग

सुखारी भैया,

बाबूजींची होडी तू मला न विचारता विकलीस, तेव्हापासून चार वर्षं मी तुझ्याशी बोललो नाही.

आज माझ्या होडीत एक यात्रेकरू म्हातारी बसली. काशीला आलं की आवडीचा एक पदार्थ कायमचा सोडायचा, म्हणून तिनं गंगेला हात जोडून कारलं सोडलं!

"माई, कारलं आवडतं तुला?"

"छे! तोंडातसुद्धा धरवत नाही."

"मग गंगामैयाला फसवतेस होय?"

"मोठा आला शिकवणारा! जन्म काशीत गेला, तू काय सोडलंस रे?"

मी एवढा हसलो, की हातातलं वल्हं सुटलं.

भैया, तुझ्यावरचा राग मला फार आवडायचा. तोच सोडला. हे पत्र टाकत नाही; उद्या मीच चुनारला येतोय. भाभीनं कारलं केलं तरी खाईन.

तुझा धाकटा,
लोटन