ज्ञानूचे ओंडके

शिवाजी पेठ, कोल्हापूर
५ ऑगस्ट १९९८

ति. आक्कास,

अनुजाचा साष्टांग नमस्कार. नावाआधी ‘सौ.’ लिहायला हात गेला, मग आवरला.

आईचा ताप उतरला. म्हैस व्याली, रेडी झाली. दाजींचं नाव निघालं की आण्णा उठून वैरणीकडे जातात.

गुरुजींकडून लिहून घेतलेलं तुझं पत्र मिळालं. अमावास्येला गावकी बसणार, ज्ञानूला वाळीत टाकणार. तू म्हणतेस, ‘ओंडकं आणलं न्हाईत आणि आता माझ्या बहिणीवर आळ घेतोय मेला. बी.ए. झालेली पोरगी आसं करंल व्हय? तूच चार ओळी धाड, त्याचं तोंड बंद हुईल.’

लिहिते. गुरुजी, वाचताना यातलं काही गाळू नका.

ज्ञानू खरं बोलतो.

दरवर्षी होळीनंतर तो माडाचे ओंडके आणायचा. दाजी आणि गाव मिळून ते दीपगृहाच्या, तुमच्या बत्तीच्या, पायाशी रोवायचे. किनारा खचत गेला, तरी तुमची सागवानी बत्ती त्यावरच उभी होती. ती वाचावी म्हणून मी सरकारला अर्ज केला, हे तुला ठाऊक आहे. उत्तर आलं : ऐतिहासिक वास्तू आहे, पाहणी होईपर्यंत कोणी हात लावू नये. मला केवढा आनंद झाला होता!

यंदा ज्ञानू गाडी घेऊन आला तेव्हा मी तुझ्याकडं राहायला होते, तू बाजाराला गेली होतीस. मी कागद त्याच्यापुढं धरला.

“ताई, तुझे दाजी येवंदेत तरी.”

मी त्याला अडाणी म्हटलं. त्यानं बैल वळवले.

दाजींना सांगितलं तर ते हसले. “समुद्राक वाचूक येता काय गो?” मग हळूच म्हणाले, “आक्काक सांगू नको. तुझ्या शिकण्याचा तिका लय कौतुक असा.” दाजी ओंडके परत मागवणार होते. मीच अडवलं. म्हटलं, दाजी, तुम्ही बत्तीवरचे सरकारी माणूस, कायदा तुम्हीच मोडणार?

ते थांबले. पाहणीला कोणी आलं नाही. पाऊस आला. पाया सुटला तेव्हा दाजी वर दिव्यापाशी होते.

तेराव्याला तुझ्या सासूबाईंनी ज्ञानूला भरल्या पंगतीतून उठवलं. मी भात वाढत होते. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी पुढच्या पानाकडं सरकले.

हे पत्र गावकीत गुरुजींकडून मोठ्यानं वाचून घे. आदल्या दिवशीच्या एस.टी.नं मी येते. गावकीत ज्ञानूशेजारी बसेन. तू घरात घेशील की नाही, ते विचारत नाही.

सासूबाईंना नमस्कार दोनदा लिहिला, दोनदा खोडला.

अनुजा