गिंदाला बदललेले जेट

मी, हब्तेझ्गी वोल्देआब, वय एकाहत्तर, धंदा मोटार मेकॅनिक, राहणार असमारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. छातीत पाणी झाले आहे, पण डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. माझी पापकबुली ऐकणारे धर्मगुरू अब्बा तेक्ले शेजारी बसले आहेत; मरणाऱ्याने शेवटची इच्छा त्यांच्या देखत सांगायची, ही आमची रीत आहे. मध्येमध्ये त्यांना डुलकी लागते, तेवढ्यात मी अवघड भाग लिहून घेतो.

कलम १. राहते घर, सामानासह, माझी भाची वेयनी हिला द्यावे. माझी बहीण अब्रेहेत हिची ती मुलगी. चार वर्षांची होती तेव्हापासून माझ्याकडे आहे आणि मला दुसरे मूलबाळ नाही. चुलतभावांनी या घराकडे डोळे लावून बसू नये. मी अंथरुणाला खिळल्यापासून त्यांच्यापैकी एकानेही जिना चढलेला नाही.

कलम २. गॅरेजमधली सर्व हत्यारे माझा भागीदार ओक्बाय याला. ओक्बाय, तू कार्बोरेटर गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत लावतोस. स्क्रू पूर्ण आत घे, दीड फेरा बाहेर काढ, मग इंजिन काय म्हणते ते ऐक, आणि तेवढा वेळ गप्प राहा. ते तुला जमायचे नाही, तरी हत्यारे तुझीच.

कलम ३. गॅरेजच्या मागे ताडपत्रीखाली जुनी फियाट आहे. ती मी कोणालाही देऊ शकत नाही, कारण ती माझी नाही. ती अब्रेहेतचा नवरा झेमिकाएल याची आहे. ती माझ्याकडे का राहिली, ते आता लिहितो.

असमाराची हवा विरळ. इथे कार्बोरेटरला बारीक भोकाचे जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी पितळी तोटी, लागते; मग पेट्रोल कमी जाते. खाली मसावाला समुद्रकाठची हवा दाट, तिथे मोठ्या भोकाचे हवे. म्हणून आमचे ड्रायव्हर दोन जेट जवळ ठेवतात आणि उतारावरच्या गिंदा गावी चहासाठी थांबले की बदलतात. बारीक जेट घालून खालच्या उन्हात गाडी दामटली तर इंजिन तापून पिस्टन जळतो.

१९९३ च्या जूनमध्ये झेमिकाएल याच फियाटमधून औषधांची खोकी घेऊन मसावाच्याही पुढे, किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला निघाला होता. अब्रेहेतने समुद्र कधी पाहिला नव्हता, म्हणून तीही हट्टाने बरोबर गेली. गाडी मीच लावून दिली आणि मोठे जेट झेमिकाएलच्या हातात दिले.

त्या दिवसांत नवे जेट मिळत नसे. झिजलेल्या जेटचे भोक मी कथिलाने बुजवायचो आणि बारीक सुईने नवे पाडायचो. असे केले की जेटवर कोरलेला मापाचा जुना आकडा कानशीने घासून काढायचा, हा माझाच नियम. त्या एका जेटवरचा आकडा घासायचा राहिला. वर आकडा मोठ्याचा, आत भोक बारीक. मी आकडा बघितला आणि दिले. भोक बघितले नाही.

गाडी वाळूत बंद पडली. दोन दिवस त्या वाटेने कोणी आले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी माझी बहीण पाण्यावाचून गेली. झेमिकाएल वाचला. उंटवाल्यांना तो सापडला तेव्हा तो तिच्यावर सावली धरून बसला होता.

गाडी ओढून आणली, तेव्हा कार्बोरेटर मी एकट्याने उघडला. भोकात सुई घालून पाहिली. ती घट्ट बसली; भोक माझ्याच सुईने पाडलेले होते. मग वडीलधारी मंडळी जमली आणि त्यांनी मला विचारले. मी चर्चच्या दाराला हात लावून सांगितले की झेमिकाएलने आळस केला, गिंदाला जेट बदललेच नाही. तो रडत म्हणत होता, "दादा, मी बदललं हो. तुमच्या हातानं दिलेलं तेच घातलं." मी मान फिरवली. त्याची पोर काढून घेतली. अब्रेहेतच्या वर्षाच्या जेवणाला त्याला कधी दारात उभे केले नाही. वेयनीला मी शिकवले की तुझ्या बापाने तुझ्या आईला मारले. ती ते मानते. मी चांगला शिकवणारा आहे.

कलम ४. ती शपथ खोटी होती. झेमिकाएलने जेट बदलले होते. हे मी पूर्ण शुद्धीवर लिहीत आहे. अब्रेहेतच्या थडग्यापाशी त्याला त्याची जागा मिळावी आणि ती देणे माझ्या नातलगांवर बंधनकारक राहील.

कलम ५. हा कागद माझ्या मृत्यूनंतर उघडावा.

वरील कलम मी आज खोडले आहे. कारण असे. गुरुवारी मी अब्बांना झेमिकाएलकडे पाठवले आणि सगळे सांगायला लावले. तो ओरडला नाही, शिव्या दिल्या नाहीत. एवढेच म्हणाला, "अब्बा, पहिल्याच पहाटे मी म्हणत होतो, ऊन चढायच्या आत चालत निघू. मागं कोळ्यांची वस्ती होती. तीच उठेना. म्हणाली, गाडी माझ्या दादाच्या हातची आहे, थोडी थंड होऊ दे, सुरू होईल."

हे ऐकून मी पुन्हा पेन उचलले. मेल्यावर कागद उघडणे म्हणजे पुन्हा पळून जाणे. म्हणून हे मृत्युपत्र येत्या रविवारी, मी जिवंत असताना, याच खोलीत वेयनीने स्वतः मोठ्याने वाचावे. ती मध्येच थांबली तर कोणी पुढे वाचू नये. त्यानंतर ती या घरात राहिली नाही, मला पाणी द्यायला आली नाही, तरी कलम १ कायम राहील.

साक्षीदार :
१. अब्बा तेक्ले (सही)
२. ओक्बाय मेंगिस्तेआब, भागीदार (सही, कलम २ वाचून रागावला आहे, ३ दोनदा वाचले)
३. झेमिकाएल (जागा मोकळी ठेवली आहे. रविवारी येईन की नाही, ते त्याने सांगितलेले नाही.)

हब्तेझ्गी वोल्देआब (सही)
असमारा, १० जून २०११