दोन्ही बाजू उघड्या

४ मार्च, सोमवार

आवाजाच्या कामात कान झिजवणाऱ्या माझ्या बंधुभगिनींनो! लोक सिनेमा 'पाहतात', नाटक 'पाहतात'. त्यातली पावलं, दारं, धाप लागलेला श्वास आपण घडवायचा, आणि श्रेयनामावलीत आपली पाळी येईपर्यंत दिवे लागलेले असतात, माणसं खुर्चीखाली चपला शोधत असतात. आपलं कोणी ऐकत नाही. ज्यांचा धंदाच ऐकवण्याचा, त्यांचं कोणी ऐकत नाही!

रोजनिशीतही भाषण ठोकायची माझी खोड जुनी. पण आजचा दिवस ठोकण्यासारखाच आहे. नव्या स्टुडिओत रुजू झालो. इथे फक्त ऐकण्याच्या मालिका बनतात, म्हणजे इथे तरी आपण राजे. मला तिसरी खोली मिळाली. खिडकी नाही, भिंतींना राखाडी स्पंज, टेबल इतकं लांब की त्यावर झोपता येईल. शेजारच्या खोलीतल्या संकलकाला सगळे कानसेन म्हणतात. त्याने माझं पंधरा मिनिटं ऐकून घेतलं आणि विचारलं, की तुम्हाला आवाज कमी करायचं बटण कुठे आहे. मालकीणबाई खो-खो हसल्या. मीही हसलो. दोन वर्षांत पहिल्यांदा.

६ मार्च

तळ्याच्या तळाशी राहणाऱ्या जनावराची मालिका आहे. माझ्याकडे त्या जनावराचा श्वास.

हत्यार उत्तम मिळालंय. फिल्टर म्हणजे आवाजाची चाळणी. नॉब बंद करत न्या, वरचे बारीक, धारदार आवाज अडतात आणि खालची घरघर तेवढी उरते. इथला फिल्टर स्टिरिओ आहे. डाव्या कानाला एक नॉब, उजव्याला एक. दोन्ही जोडून एकत्र फिरवता येतात, नाहीतर वेगवेगळे. डावा हळूहळू उघडायचा, त्याच वेळी उजवा मिटायचा. ऐकणाऱ्याला वाटतं, काहीतरी आपल्या डोक्याभोवती फिरतंय.

बारा आवाज चाळून पाहिले. पंखा, फ्रिज, माझं घोरणं. एकातही जीव नाही. शेवटी माझ्या जुन्या रेकॉर्डिंगची काळी हार्ड डिस्क काढली. 'पंपघर, टेक तीन'.

ते आक्काबरोबरचं शेवटचं काम. मला माइक धरायला शिकवलं ते आक्काने. माझा आवाज मोठा म्हणून ती मला भोंग्या म्हणायची. तिचा एकच नियम होता: टेक चालू असताना जीव गेला तरी तोंड उघडायचं नाही. त्या दिवशी ती टाकीवरच्या जाळीवर डाव्या माइकपाशी होती, मी उजव्या. ती पाण्यात पडली, बुडाली. मी चौकशीत सांगितलं ते असं: ती ओरडली नाही, माझ्या हेडफोनवर फिल्टर होता, मला काही ऐकू आलं नाही.

आजही फिल्टर बंद ठेवूनच फाइल लावली. नुसती घरघर. मोठी, ओली, जिवंत.

७ मार्च

बाईंनी श्वास ऐकला आणि हातावरचे उभे राहिलेले केस दाखवले. कानसेन म्हणाला, भाषणं सोडा, हेच करा. पहिला भाग १८ तारखेला दुपारी चारला लागणार.

संध्याकाळी आक्काच्या मुलीचा फोन. दर महिन्याला येतो, आणि दर महिन्याला तोच प्रश्न: मामा, आई शेवटी काही म्हणाली का? मी ठणकावून नाही म्हणालो. सभेत बोलतो तसा. मग ती म्हणाली, की मामाची नवी मालिका ती हेडफोन लावून ऐकणार आहे, आईने शिकवलं तसं.

तिला नको म्हणायचं सुचलं नाही.

११ मार्च

सकाळी आलो तर डावा नॉब थोडा उघडा. कानसेनला जाब विचारला. तो म्हणाला, तुमच्या यंत्राला हात लावायला मला काय वेड लागलंय, तुम्ही तासभर भाषण द्याल. खरं असावं.

बंद करण्याआधी ऐकलं. घरघरीच्या मागे डावीकडे काहीतरी होतं. पाइपाचा आवाज असेल.

१२ मार्च

काल नॉबवर चिकटपट्टी लावून गेलो होतो. पट्टी जशीच्या तशी. तिच्याखाली नॉब अर्ध्यापर्यंत उघडा.

पाइप नाही. बाईचा आवाज आहे, पाण्याच्या खोलीत घुमणारा.

कानसेन दारात येऊन उभा राहिला. हसला नाही. त्याने विचारलं, हे भोंग्या कोण?

१३ मार्च

डावा कान गेला. पूर्ण नाही. आधी बोलण्याच्या कडा गेल्या, मग शब्दच. बाई बोलतात ते भिंतीपलीकडून आल्यासारखं. डॉक्टरांनी दोन्ही कान तपासले आणि स्वच्छ असल्याचं सांगितलं. उलट विचारलं, वयाच्या मानाने इतके चांगले कान कसे राखले.

मला कळलंय काय होतंय. यंत्रावरचा डावा नॉब जितका उघडतो, तितका माझा डावा कान मिटतो. कोणीतरी दोन्ही जोडलेत.

आज उजवाही हलला. अगदी किंचित.

१४ मार्च

डावीकडचं आता स्पष्ट आहे. भोंग्या, हात दे.

दोनदा.

उजवीकडे काय आहे ते मला माहीत आहे. म्हणूनच दोन वर्षं ही फाइल मी कधी फिल्टर न लावता ऐकली नाही.

१५ मार्च

बाईंकडे गेलो. ठरवून गेलो होतो, सगळं सांगून टाकायचं, भाग थांबवायचा. हजार माणसांपुढे कागदाशिवाय बोललेला मी. तोंड उघडलं आणि उजव्या कानात आवाज आला. धारदार, जवळून. माझी जीभ टाळ्याला चिकटली. बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. मी पेल्याकडे पाहून पळालो.

फाइल पुसायला बसलो. पुसली गेली नाही. खोटं का लिहू — मी बटण दाबलंच नाही. मूळ रेकॉर्डिंग पुसायचं नसतं, हेही आक्कानेच शिकवलेलं.

मुलीला फोन लावला. तिने हॅलो म्हटलं असेल. मला फक्त घरघर ऐकू आली. बोलायला गेलो आणि पुन्हा तेच, कानाशी —

१७ मार्च

लिहिताना अजून अडवलेलं नाही. म्हणून लिहितो.

हेडफोनवर फिल्टर नव्हता. मी ऐकलं होतं.

आक्काचा पाय घसरला. ती कठड्याला लटकून होती. भोंग्या, हात दे. माझी नजर आवाजाची पातळी दाखवणाऱ्या काट्यांवर. टेक सुंदर चालला होता, आठ मिनिटं सलग. मला वाटलं तिला माइक हलवायचाय. मी मान वर केली नाही. हात वर केला — गप्प बसवायला. आणि म्हणालो, शू.

ती गप्प बसली.

टेक चालू होता ना. तिचाच नियम.

मी आणखी चार मिनिटं रेकॉर्ड केलं.

'शू' हा सगळा वरचा, बारीक आवाज. फिल्टर अर्धा बंद केला तरी नाहीसा होतो. मला हे पाठ होतं. तिनेच —

१८ मार्च. तीन वाजले

आज दोन्ही नॉब पूर्ण उघडे. दोन्ही कान बंद. दार वाजत असावं, टेबल हादरतंय. ऐकू काहीच येत नाही. फक्त ते. डावीकडे हात दे. उजवीकडे मी. हात दे. मी. हात —

चारला तिची मुलगी हेडफोन लावून बसेल, आणि आईचा जीव घेणाऱ्या पाण्याला जनावर समजून घाबरेल. वर म्हणेल, मामाने छान केलंय.

कानसेन, ही वही तुझ्यासाठी. तुमच्यासाठी, सगळ्या कानवाल्यांसाठी. आपलं कोणी ऐकत नाही म्हणून ओरडणारा मी — एका बाईने दोनदा हाक मारली —

पाठीमागे जमीन ओली आहे. वळत नाही.

चारच्या आत एक काम कर. काळी डिस्क डाव्या खणात आहे. टेक तीन तिच्या मुलीला दे. तिच्या हातात. फिल्टर नको, दोन्ही बाजू उघड्या. आई काय म्हणाली ते तिला कळू दे. आणि उजवीकडचा तो माझा आवाज — तुझा हात सवयीने कात्रीकडे जाईल — तो कापू न