अकरा वाजताची गॅमा किरणं

३ तारीख, सोमवार
आजपासून रोज लिहिणार. मोठ्या माणसांच्या रोजनिश्या पुढे कामाला येतात. छोट्या उपग्रहावर बसेल अशी गॅमा किरणांची दुर्बीण, बुटांच्या खोक्याएवढी! डिझाइन संपूर्ण माझं. सर्किटं टीममधल्या एका बाईंची, पण सर्किटं काय, कुणीही करतं.

६ तारीख
दुर्बीण चालू केली. बरोबर अकराला स्क्रीनवरच्या आलेखात टोकदार उंचवटा. दहा मिनिटांत गायब. आकाशात काहीतरी फुटलं! बायकोला फोन केला. म्हणाली, दारात गॅसवाला आलाय, नंतर बोल.

७ तारीख
पुन्हा अकरालाच. सर्किटवाल्या बाई म्हणाल्या, सर, आकाश घड्याळ लावून फुटत नाही. मत्सर मनावर घ्यायचा नाही, असं ठरवलं.

१० तारीख
बाईंनी छडा लावला. उंचवटा किरणोत्सारी आयोडीनचा. हॉस्पिटलात औषध म्हणून देतात ते. म्हणजे आपल्यातल्याच कुणावर उपचार झालेत. म्हणाल्या, सर, विषय इथेच सोडू या. कबूल केलं.
पण माणसाच्या अंगातलं औषधसुद्धा टिपते माझी दुर्बीण! आमच्या संस्थेच्या संचालकबाईंना दाखवायलाच हवं.

१२ तारीख
संचालकबाईंसमोर सगळ्यांना दुर्बिणीपुढे रांगेत उभं केलं. 'चला, चोर पकडू या,' म्हणालो. लोक हसले. वर्कशॉपमधले लेथवाले काका मागे सरकत होते. रोज अकराला दुर्बिणीच्या खोक्याची मापं घ्यायला तेच येतात. काम आहे म्हणाले. मी हात धरून पुढे ओढलं.
उंचवटा स्क्रीनबाहेर. मी टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच.
काका खाली बघून म्हणाले, गळ्याची गाठ होती. काढली, मग हे औषध दिलं. भावाकडे जातो सांगून गेलो होतो.
त्यांची मुलगी आमच्याच स्टोअरमध्ये आहे. रांगेत चौथी उभी होती. तिलाही आत्ताच कळलं.

१३ तारीख
तसं पाहिलं तर चूक सर्किटांची. गरजेपेक्षा जास्त तिखट आहेत.
झोप नाही. माफी उद्या नक्की.

१४ तारीख
आधी मुलीची मागू म्हणून स्टोअरमध्ये गेलो. तिने वर पाहिलं. तिचे डोळे सुजलेले. मी स्क्रू मागितले. तिने मोजून दिले, सही घेतली.

१७ तारीख
शेवटी लेथपाशी गेलो. काकांनी मशीन बंद केलं. 'काका, मी...' एवढंच आलं तोंडून.
ते म्हणाले, साहेब, डॉक्टर म्हणतात आता धोका नाही. तरी तुम्ही जरा लांबूनच बोला. तुमच्या मनात उगाच शंका नको.
मी दोन पावलं मागे सरलो.
खरंच सरलो.